मैदान कोणाचे? : क्रीडामंडळांच्या इतिहासाची प्रस्तावना

एखाद्या क्रीडामंडळाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखकाचे लक्ष प्रथम जाते ते कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेल्या ढालींकडे, कपाटातील करंडकांकडे आणि ज्यांतील निम्म्या चेहऱ्यांची ओळख आता कोणालाच सांगता येत नाही अशा जुन्या समूहचित्रांकडे; आणि एवढ्याच सामग्रीवरून जे पुस्तक तयार होते ते विजयांची यादी, पराभवांची कारणे आणि देणगीदारांची नामावली यांपलीकडे क्वचितच जाते. ही साधने त्याज्य आहेत असे माझे म्हणणे नाही. एखाद्या ढालीमागे गावातल्या दहाबारा तरुणांचे अनेक वर्षांचे श्रम असतात आणि त्यांचा उल्लेख राहून गेला तर तो अन्याय होईल. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ढालीवर कोरलेले नसते, तोच प्रश्न मला मंडळाच्या इतिहासाचा पाया वाटतो. ज्या जमिनीवर हे मंडळ खेळले ती जमीन कोणाची होती, ती त्याला कोणत्या हक्काने मिळाली, तिच्यावर पाऊल टाकण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, आणि ती आजवर टिकली असेल तर ती कोणाच्या चिकाटीने व हातची गेली असेल तर कोणाच्या हयगयीने, हे ज्या इतिहासात सांगितलेले नाही तो इतिहास कितीही सजवून छापला तरी अपुराच राहतो.

उमरेडसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचावा हे स्वाभाविक आहे. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर वसलेले हे तालुक्याचे गाव. येथे नगरपालिका १८६७ सालापासून आहे. रेशीमकाठी वस्त्रे विणणाऱ्या येथील विणकरांमुळे गावाचे नाव इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात गेले, आणि पुढे कोळशाच्या खुल्या खाणीने गावच्या रोजगाराचे व भूमीचे स्वरूपच पालटून टाकले. भोवतालचा मुलूख जुन्या मध्यप्रांतातील मालगुजारीचा. गावच्या जमिनीचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट होईपर्यंत पडीत जमिनीचाही व्यवहारतः धनी असे, आणि रयतेने गुरे कोठे चारावीत, जळण कोठून आणावे, मसणवट कोठे असावी यांविषयीचे हक्क निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत नोंदविले जात. मुलांनी कोठे खेळावे ही गोष्ट मात्र बहुधा या कागदांच्या बाहेरच राहिली. ती रिवाजावर, मालगुजाराच्या मर्जीवर आणि पीक निघाल्यानंतर मोकळ्या पडलेल्या वावरावर अवलंबून होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या बाजूला मंडया भरू लागल्या, शंकरपटांची तयारी सुरू झाली, म्हणजे त्याच हंगामात कबड्डीचेही सामने ठरत. कोणाच्या तरी वावरातील ढेकळे फोडून, पाणी शिंपडून, चुन्याच्या रेषा आखून चार दिवसांचे क्रीडांगण तयार होई आणि पुढच्या नांगरटीला नाहीसे होई. शहरात आणि नगरपालिकेच्या हद्दीत मालगुजाराच्या जागी नझूल आले, पण खेळणाऱ्यांची स्थिती फारशी बदलली नाही. सरकारी मालकीच्या मोकळ्या भूखंडावर पिढ्यान् पिढ्या खेळणारी मुले आणि त्या भूखंडाचा भाडेपट्टा भलत्याच कामासाठी भलत्याच इसमाच्या नावे झाल्याचे एके सकाळी कळणारे त्यांचे वडील, हे दृश्य विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावाला अपरिचित नाही.

या प्रश्नाचा सांगोपांग विचार ज्या एका खेळाच्या इतिहासात झालेला दिसतो तो खेळ आपल्याकडे जवळजवळ अज्ञात आहे, आणि तो खेळणारे लोक सातासमुद्रांपलीकडचे आहेत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १८५८ च्या जुलै महिन्यात टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका क्रीडासाप्ताहिकास पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आळसावू नये यासाठी एक फुटबॉल मंडळ काढावे. आणि पुढील वर्षाच्या मे महिन्याच्या १७ तारखेस मेलबर्न फुटबॉल क्लबच्या चारपाच सभासदांनी एका हॉटेलात बसून दहा नियम लिहून काढले. चेंडू हातात घेऊन धावता यावा, पायाने लाथाडता यावा, उंच उडी घेऊन झेलता यावा अशा त्या खेळाला पुढे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल असे नाव पडले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे नियम कोणा विद्यापीठाने वा सरकारी खात्याने केले नाहीत, तर एका मंडळाच्या समितीने केले. आणि मंडळे जसजशी वाढली तसतशी ती एकेका उपनगराची झाली. कार्लटन, फिट्झरॉय, कॉलिंगवुड, एसेंडन, सेंट किल्डा ही आज मंडळांची नावे म्हणून ओळखली जातात, पण ती मुळात मेलबर्नच्या वस्त्यांची नावे आहेत. कारखान्यांत काम करणारे, छोट्या घरांत दाटीने राहणारे, शनिवारी दुपारी आपल्याच वस्तीच्या मैदानावर जाणारे लोक हे त्या मंडळांचे खरे भांडवल होते. १८९६ मध्ये आठ मंडळांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला आणि पुढच्या वर्षी त्याचे सामने सुरू झाले. कॉलिंगवुडसारख्या श्रमिकांच्या वस्तीने १९२७ पासून १९३० पर्यंत लागोपाठ चार वर्षे विजेतेपद मिळविले. जागतिक मंदीची झळ त्याच काळात त्या वस्तीला लागू लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विजयांचा त्या घरांतून काय अर्थ झाला असेल ते कळते.

मैदाने मात्र तेथेही बहुतांशी सरकारी जमिनीवर होती, त्यांचा कारभार स्थानिक नगरपालिका व विश्वस्त मंडळे पाहत, आणि म्हणून मैदानाची मालकी व मंडळाचे मन ही दोन सदैव एकच असत असे नाही. फिट्झरॉयने १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीटचे आपले जुने मैदान सोडले आणि ते घराघरांतून भाडेकरूसारखे फिरत राहिले; साउथ मेलबर्नचे मंडळ १९८२ मध्ये सिडनीस गेले; १९९० मध्ये स्पर्धेचेच नाव सर्व राष्ट्राला शोभेल असे ठेवले गेले; आणि १९९६ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी शेवटचा सामना खेळून फिट्झरॉय ब्रिस्बेनच्या मंडळात विलीन झाले. शंभरहून अधिक वर्षे एका उपनगराचे असलेले मंडळ दीड हजार किलोमीटरांवरच्या दुसऱ्या शहरास दिले गेले, आणि त्या शहराला त्या वस्तीविषयी काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. या घटनेचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये त्या नावाचे मंडळ हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत पुन्हा उतरले आणि ते खेळू लागले ते ब्रन्सविक स्ट्रीटच्याच मैदानावर. पैसा नाही, दूरदर्शनवर सामने नाहीत, पण जमीन तीच आणि शेजारी तेच. तेथील लोकांना मंडळ म्हणजे काय हे कळण्यास एका शतकाचा नफा आणि एक मोठा तोटा सोसावा लागला.

आपल्याकडे या कोटीतले सर्वात मोठे उदाहरण पुण्यात आहे, आणि ते इतके मोठे आहे की त्याचे मोठेपण लोकांच्या लक्षातही येत नाही. लकडी पुलावरून मुठेपलीकडे गेल्यावर जो भाग लागतो त्याला डेक्कन जिमखाना म्हणण्याची सवय पुणेकरांना इतकी झाली आहे की, ते एका वस्तीचे नाव नसून एका क्रीडासंस्थेचे आहे हे पुष्कळांना सांगावे लागते. १९०६ साली बाळकृष्ण नारायण भाजेकर यांच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली तेव्हा नदीपलीकडचा तो प्रदेश शेतांचा होता. फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ पासून तिकडे असले तरी पेठांत राहणारा सामान्य पुणेकर संध्याकाळी तिकडे जाण्यास धजत नसे. खेळण्यासाठी लोक तेथे जाऊ लागले, मग राहू लागले, मग घरे झाली, रस्ते झाले, दुकाने झाली, बसगाड्यांचे स्थानक झाले, आणि या सर्वांनी नाव घेतले ते जिमखान्याचेच. फिट्झरॉयच्या बाबतीत वस्तीने मंडळ जन्माला घातले. पुण्यात मंडळाने वस्तीला जन्म दिला. मराठी मुलखात असा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

या जिमखान्याच्या इतिहासातील एक प्रकरण मला येथे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण मैदान, माणूस आणि जग यांचा संबंध त्यात एका ठिकाणी येतो. सर दोराबजी टाटा हे १९१९ च्या सुमारास जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याने भरविलेल्या शर्यतींत त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पाठविलेल्या पत्रात केले आहे. धावणाऱ्यांत शेतकरी होते, ते अनवाणी धावत होते, कोणी त्यांना धावण्याचे शास्त्र शिकविलेले नव्हते, आणि तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांची कालमापने युरोपातील नामवंतांच्या तोडीची ठरत होती. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या मुंबईच्या गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे टाटांनी हिंदुस्थानचा संघ १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस पाठविण्याची कल्पना मांडली आणि त्यांचे साहाय्य मिळविले. निवडचाचणी जिमखान्यातच झाली. आयोजकांपैकी काहींना शंभर मीटरांच्या शर्यतीचा हिशेब सेकंदांच्या दशांशात करावयाचा असतो याचीही कल्पना नव्हती, आणि हे अज्ञान लाजिरवाणे नव्हते, कारण आमचा खेळाडू घड्याळाशी नव्हे तर शेजारच्या गड्याशी धावत असे. टाटांची पदरमोड, सरकारी मदत आणि लोकांची वर्गणी यांवर तो लहानसा संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार हेही त्याच शर्यतीत होते. कुमार नवले व रणधीर शिंदे हे कुस्तीगीर होते, आणि फेदरवेट गटात रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत जाऊन पोचले. देशाच्या ऑलिंपिक संघटनेची रीतसर स्थापना व्हावयास आणखी सात वर्षे लागणार होती. तोवर हिंदुस्थान म्हणजे पुण्याच्या नदीपलीकडचा एक जिमखाना होता असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. जे काम सरकारने करावयाचे ते मंडळाने केले, आणि ते करू शकले याचे कारण त्याच्याजवळ एक मैदान होते जेथे खेड्यातला अनवाणी माणूस येऊन धावू शकत होता.

परंतु याच पुण्याच्या इतिहासात मैदानावर कोण येऊ शकत नव्हते किंवा कोणत्या अटीवर येऊ शकत होते याचाही दाखला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांनी पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरविण्याचे आणि फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम केले; जे. जी. ग्रेग हा निष्णात इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. पुढे पुण्याच्या हिंदू मंडळाने त्यांना संघात घेतले ते त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज होती म्हणून. पण चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत असता या चर्मकार समाजातील खेळाडूला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले; हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. ज्या मैदानावर चेंडू सर्वांचा होता त्याच मैदानाच्या कडेला पेला मात्र प्रत्येकाचा वेगळा होता. क्रीडामंडळांच्या इतिहासकाराने करंडकांच्या याद्या करताना हा मातीचा पेलाही कपाटात ठेवला पाहिजे. खेड्यांतल्या कबड्डीच्या संघांबाबतही हाच प्रश्न विचारला पाहिजे: कोणत्या मोहल्ल्याची मुले एकाच बाजूने खेळत, कोणत्या वस्तीच्या गड्याची पकड करताना त्याला हात लावण्यास कोणी कचरत होते काय, आणि ते कचरणे कोणत्या पिढीत संपले. स्पर्शावरच उभा असलेला खेळ अस्पृश्यतेच्या समाजात वाढला, यातून काय निष्पन्न झाले हा अभ्यास अजून व्हावयाचा आहे, आणि तो व्हावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

खेळाचे नियम करणे हा मंडळांचा दुसरा पराक्रम. मेलबर्नमध्ये जे १८५९ साली घडले त्याचेच प्रतिरूप आपल्याकडे १९१४ साली दिसते, जेव्हा डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरविण्यासाठी समिती नेमली. तोवर गावोगाव खेळल्या जाणाऱ्या या खेळाला खांबांतले अंतर, बसणाऱ्यांची दिशा, धावणाऱ्याने मध्यरेषा कोठे ओलांडावी, खो केव्हा ग्राह्य आणि केव्हा अग्राह्य, यांविषयी गावागणिक वेगळे संकेत होते. बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ मध्ये खो-खोचे नियम छापून प्रसिद्ध केले. हुतूतूचा, म्हणजे आजच्या कबड्डीचा, मार्ग यापेक्षा वाकडा होता. संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन पद्धतींनी तो खेळला जाई: पहिलीत प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बाद गडी जिवंत होई; दुसरीत सारा संघ बाद होईपर्यंत बाद झालेला गडी बाहेरच बसे; तिसरीत कोणीच बाहेर जात नसे, फक्त गुण मोजले जात. या तिन्हींतून एक खेळ घडविण्याचे प्रयत्न साताऱ्याकडे सुरू झाले, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये त्याला स्पर्धेचे रूप दिले आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ मध्ये नियमावली सिद्ध केली. आज चढाई, पकड, लोण हे शब्द ज्या अचूक अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाला या समित्यांच्या बैठकांत वादविवाद करून आकार आलेला आहे. बैठकींना बसलेली माणसे शिक्षक होती, वकील होती, व्यायामशाळेचे चालक होती. कोणास मानधन नव्हते. आणि त्यांच्या इतिवृत्ताचा एकेक ठराव वाचताना माणसाला वाटते की, खेळाला राज्यघटना देणाऱ्या या माणसांची नावे शाळेतील मुलांना सांगावयास हवी होती.

विदर्भाचा या प्रकरणातील वाटा अमरावतीचा आहे, आणि तो फार मोठा आहे. वैद्य बंधूंनी, अंबादासपंत व अनंत यांनी, १९१४ साली जो हनुमान आखाडा सुरू केला त्याचे पुढे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. मंडळाच्या नावातील 'प्रसारक' हे विशेषण केवळ शोभेचे नाही. आखाड्यात येईल त्याला व्यायाम शिकविणे एवढ्यावर न थांबता गावोगाव जाऊन शिकवू शकतील अशी माणसे तयार करणे हे त्यांनी आपले कार्य मानले. मल्लखांब, लेझीम, जोर, बैठका, कुस्ती, लाठी आणि खो-खो-हुतूतूसारखे मैदानी खेळ यांचे शिक्षण घेऊन येथून बाहेर पडलेले शिक्षक वऱ्हाडात, नागपुरात आणि त्यापलीकडे शाळाशाळांतून गेले. हुतात्मा राजगुरू यांनी तारुण्यात येथे व्यायामाचे शिक्षण घेतले. १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांचे प्रदर्शन केले आणि त्यात कबड्डीही होती. एखाद्या राष्ट्रीय संघटनेने निवडलेले हे पथक नव्हते. वऱ्हाडातील एका जिल्ह्याच्या गावातील मंडळाचे ते पथक होते, आणि सामन्यांचा यजमान जर्मनी तेव्हा कोणत्या सत्तेच्या ताब्यात होता हे माहीत असणाऱ्या आजच्या वाचकास त्या प्रवासातील गौरव आणि अस्वस्थता दोन्ही एकदम जाणवतील. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम-महोत्सवातही मंडळाने भाग घेतला, आणि शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय मंडळाने १९६७ साली स्थापन केले. मंडळाशी निकट संबंध असलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. शरीराच्या सामर्थ्याची उपासना करणाऱ्या वर्तुळातून समाजाने दूर लोटलेल्या शरीरांकडे जाणारा हा मार्ग निघावा, याला मी योगायोग मानीत नाही. ज्या उपासनेने शरीरास पूज्य मानले तिला कोणाचेही शरीर अस्पृश्य मानता येत नाही, निदान येऊ नये.

उमरेडच्या वाचकाने अमरावतीकडे पाहताना एक भेद ध्यानात ठेवावा. वऱ्हाड आणि जुना नागपूर प्रांत १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांताचे व नंतर मध्यप्रदेशाचे भाग होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावरही क्रीडासंघटनांत विदर्भाने आपले वेगळे अस्तित्व कायम ठेवले, आणि खो-खो, कबड्डी व क्रिकेट या तिन्हींत विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून राष्ट्रीय स्पर्धांत उतरतो. याचा लाभ असा की, आमच्या खेळाडूला पुण्या-मुंबईच्या रांगेत मागे उभे न राहता थेट राष्ट्रीय मैदानावर जाता येते. हानी अशी की, पुण्या-मुंबईत खेळांचे लेखन, नियतकालिके, जुनी दप्तरे यांची जी परंपरा वाढली तिच्यात आमचा समावेश अभावानेच झाला. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम-ज्ञानकोश दहा खंडांत सिद्ध केला, त्याच्या पहिल्या खंडाचे प्रकाशन १९३६ मध्ये झाले. आमच्याकडील गावांचे सामने, पंच आणि मंडळे मात्र वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात छापली गेली आणि त्या कोपऱ्यासह रद्दीत गेली.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला, १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९५५ पासून महिलांच्याही. शंकरराव साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा खेळ देशभर व देशाबाहेर नेला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ म्हणून समाविष्ट झाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीची जागा मॅटने घेतली, गड्याची बोली लावली जाऊ लागली, आणि मंडळाच्या जागी एखाद्या महानगराच्या नावाने चालणारा व्यावसायिक संघ आला. यात मला शोक करण्यासारखे काही दिसत नाही; ज्या मुलाच्या बापाने वावरात कबड्डी खेळून काही मिळविले नाही त्याला आता उपजीविका मिळते, ही निखालस चांगली गोष्ट आहे. पण विदर्भाच्या नावाने त्या स्पर्धेत एकही संघ नाही, आणि ज्या मंडळांनी खेळाडू घडविले त्यांना त्या बोलीतून काय मिळते या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळत नाही. फिट्झरॉयचे जे झाले ते उद्या आमच्या एखाद्या जुन्या मंडळाचे झाले, तर ब्रन्सविक स्ट्रीटसारखे परत येण्यास मैदान आहे काय, याचा विचार नगरपालिकेच्या सभासदांनी आणि मंडळांच्या कार्यकारिण्यांनी आताच केला पाहिजे.

तो विचार कागदावरूनच होऊ शकतो, म्हणून साधनांविषयी दोन शब्द. मंडळाचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रथम जमिनीचा सातबारा, नझूलचा नकाशा, नगरपालिकेचे ठराव आणि भाडेपट्टे पाहावेत. नंतर जमाखर्चाच्या वह्या, ज्यांत चुना, नारळ, पंचांचा प्रवासखर्च, मातीची गाडी आणि विजेची बिले अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी असतात, त्या वाचाव्यात, कारण मंडळ गरीब होते की सधन, सर्वांचे होते की एका घराण्याचे, हे या नोंदींतच दिसते. नागपूर–नागभीड अरुंदमापी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत उमरेडवरून जात असे. त्या गाडीच्या वेळांना धरून नागपूरच्या, कुहीच्या, भिवापूरच्या सामन्यांची वेळ ठरविली गेली असेल तर तेही इतिहासाचेच अंग आहे, आणि ते सांगू शकणारी माणसे अजून आपल्यांत आहेत. स्त्रियांच्या नोंदी स्वतंत्रपणे शोधाव्या लागतील. मुलींचे खो-खोचे संघ शाळांच्या हजेरीपटांत व शिक्षिकांच्या आठवणींत अधिक सापडतील, मंडळाच्या वहीत कमी.

उमरेड, भिवापूर आणि कुही या तालुक्यांतील ज्या कुटुंबांत अशा वह्या, सामन्यांच्या छापील नियमावल्या, वर्गणीच्या पावत्या, समूहचित्रे वा नझूल कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार असेल, त्यांनी तो आपल्या गावच्या वाचनालयात दाखवून त्याची नोंद करावी आणि समूहचित्रांच्या मागे खेळाडूंची नावे, गाव व साल पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई वापरू नये. ती पुढच्या बाजूस उमटते.

उमरेड, जिल्हा नागपूर